सम्मेद शिखरजीची पहिली वंदना : मधुबनहून वर आणि परत मधुबनला

सम्मेद शिखरजी या जैनांच्या डोंगरावरील तीर्थक्षेत्राहून परतलेल्या माणसाला तिथला अनुभव विचारला की तो डोळे मिटून "फार छान वंदना झाली" (वंदना म्हणजे डोंगरावरच्या सर्व पूज्य स्थानांचे चालत दर्शन) असे सांगतो आणि पुढे काही बोलत नाही. त्याच्या भावनेबद्दल शंका नाही; पण पहिल्यांदा जाणाऱ्याला त्यातून काहीच हाती लागत नाही. रात्री किती वाजता खोली सोडायची, डोली कुठे ठरवायची, वर किती तास लागतात, कोणत्या टोंकेपाशी (टोंक म्हणजे वरच्या शिखरांवरील चरणचिन्हांची घुमटी) माणसे हमखास थकून परत फिरतात, हे प्रश्न तसेच राहतात. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा हे मला कोणी सांगितले नव्हते. एका यात्रा कंपनीच्या छापील कार्यक्रमात "सकाळी वंदना, दुपारी भोजन, सायंकाळी पावापुरीकडे प्रस्थान" असे लिहिले होते आणि आम्ही त्यावर विश्वास ठेवून पहाटे पाच वाजता आरामात निघालो. गौतम स्वामींच्या टोंकेपाशी पोहोचलो तेव्हा ऊन चांगलेच वर आले होते. बरोबरच्या आत्यांचे गुडघे बोलू लागले होते. चंद्रप्रभू तीर्थंकरांची टोंक दूरच्या शिखरावर पांढऱ्या ठिपक्यासारखी दिसत होती. तिथूनच हात जोडून आम्ही मागे वळलो. दुसऱ्या खेपेस मात्र वंदना पूर्ण झाली, आणि दोन्ही खेपांमध्ये फरक पडला तो ताकदीमुळे नव्हे, वेळेच्या आणि पायांच्या हिशोबामुळे.

१. डोंगराचा हिशोब आधी समजून घ्या

झारखंडच्या गिरिडीह जिल्ह्यातील पारसनाथ पर्वतावर हे क्षेत्र आहे. पर्वताची उंची १,३६५ मीटर असून राज्यातील हे सर्वांत उंच ठिकाण आहे. (नोव्हेंबर २००० पर्यंत हा भाग बिहारमध्ये होता, त्यामुळे घरातील वडीलधाऱ्यांच्या तोंडी अजून "बिहारची यात्रा" असेच येते, तिकीट काढताना गोंधळून जाऊ नका.) परंपरेनुसार चोवीस तीर्थंकरांपैकी वीस तीर्थंकर याच पर्वतावरून मोक्षाला गेले. उरलेल्या चौघांपैकी आदिनाथ कैलास पर्वतावरून, वासुपूज्य चंपापुरीहून, नेमिनाथ गिरनारहून आणि महावीर पावापुरीहून मुक्त झाले.

आता पायांचा हिशोब. मधुबन या पायथ्याच्या गावापासून वर पोहोचायला सुमारे नऊ किलोमीटर, वरच्या सर्व टोंकांची फेरी सुमारे नऊ किलोमीटर आणि खाली उतरायला पुन्हा नऊ, असे एकूण २७ किलोमीटर चालावे लागते. नवखा माणूस यातले पहिले नऊ किलोमीटर म्हणजेच वंदना असे धरून चालतो आणि सगळी ताकद तिथेच खर्च करतो. वास्तविक वर पोहोचल्यावर वंदना सुरू होते. शिवाय वरचा रस्ता सपाट नाही. एका शिखरावरून उतरून दुसऱ्यावर चढायचे, असा तो सारखा वर-खाली होत राहतो. म्हणून पहिल्या टप्प्यात एक तृतीयांशापेक्षा जास्त दम वापरायचा नाही, हे मनाशी पक्के करूनच पायरी चढा. साधारण प्रकृतीच्या माणसाला संपूर्ण वंदनेस दहा ते बारा तास लागतात. दिवसाचा बाकी कोणताही कार्यक्रम त्या दिवशी ठेवू नये.

पर्वताची परिक्रमा हा वेगळा विषय आहे. ती पन्नास किलोमीटरांहून अधिक असते आणि पहिल्या भेटीत तिचा विचारही करू नये.

२. महिना निवडा

नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा काळ चालायला उत्तम असतो, मात्र डिसेंबर-जानेवारीत पहाटेची थंडी आपल्याकडच्या माणसाला झेपेल अशी नसते. वर वारा असतो, आणि अनवाणी पायाखालचा संगमरवर बर्फासारखा लागतो. एप्रिल-मेमध्ये उलट अडचण होते: दहा वाजल्यानंतर फरशी आणि सिमेंटचा रस्ता तापतो आणि अनवाणी चालणाऱ्याच्या तळव्यांना फोड येतात. पावसाळ्यात डोंगर हिरवागार आणि देखणा दिसतो. पण पायऱ्यांवर शेवाळ धरते आणि ढग उतरले की चार हातांवरचे दिसत नाही.

गर्दीचे दिवसही लक्षात घ्या. श्रावण शुद्ध सप्तमीला पार्श्वनाथ भगवंतांचा मोक्षकल्याणक दिवस असतो. त्या दिवशी निर्वाण लाडू चढवण्यासाठी देशभरातून लोक येतात. फाल्गुनात होळीच्या सुमारास, दिवाळीच्या सुट्टीत आणि नाताळ ते नववर्ष या आठवड्यातही खोली मिळणे अवघड होते. मोक्षसप्तमीचे महत्त्व मोठे आहे हे मान्य. तरी पहिली वंदना मी त्या दिवशी करायला सांगणार नाही. भर पावसात, त्या गर्दीत, वाट माहीत नसताना, लहान मुले व वृद्ध बरोबर घेऊन चढणे म्हणजे सगळे लक्ष पायाखाली आणि माणसे सांभाळण्यात जाणे.

३. रेल्वेचे तिकीट काढताना मार्ग वाचा

जवळचे स्टेशन पारसनाथ. ते इसरी बाजार या गावात, गया आणि धनबाद यांच्या मधल्या लोहमार्गावर आहे. महाराष्ट्रातून जाणाऱ्यांची सर्वांत मोठी फसगत इथेच होते. मुंबईहून हावड्याला दोन मेल सुटतात. एक नागपूर-बिलासपूर-टाटानगरमार्गे जाते आणि दुसरी प्रयागराज-गयामार्गे. पारसनाथ लागते ते दुसरीच्या वाटेवर. "हावडा मेल" एवढेच ऐकून तिकीट काढले आणि नागपूरमार्गे गाडीत बसलात, तर पारसनाथ येणारच नाही. कोल्हापूर, मिरज, लातूर या भागातील लोकांसाठी कोल्हापूर-धनबाद ही दीक्षाभूमी एक्सप्रेस सोयीची आहे; ती आठवड्यातून एकदाच धावते, त्यामुळे परतीची तारीख आधी पाहून मग जाण्याची ठरवावी. वेळापत्रके बदलत असतात, तेव्हा तिकिटाच्या वेळी गाडी पारसनाथला थांबते का, हे नावानिशी तपासा. विमानाने जायचे असेल तर रांची आणि देवघर ही विमानतळे आहेत. रांचीहून पुढे मोटारीने चार-पाच तास धरावेत.

पारसनाथ स्टेशनपासून मधुबन सुमारे २५ किलोमीटर आहे. स्टेशनबाहेर जीप, टॅक्सी आणि रिक्षा मिळतात. गाडी मध्यरात्री पोहोचणारी असेल तर धर्मशाळेच्या कार्यालयाला आधी फोन करून वाहनाची सोय विचारून ठेवणे चांगले, कारण त्या वेळी भाड्याची घासाघीस करण्याच्या मनःस्थितीत आपण नसतो आणि समोरच्याला ते ठाऊक असते.

इसरीत घाईघाईने पुढे निघू नका, असे मी सुचवीन. क्षुल्लक (दिगंबर परंपरेतील एक त्यागी पद) गणेशप्रसाद वर्णी यांनी आयुष्याची अखेरची वर्षे या गावात काढली आणि १९६१ मध्ये त्यांचे समाधिमरण इथेच झाले. ज्यांना त्यांचे नाव ठाऊक आहे, त्यांना तिथला उदासीन आश्रम पाहायला तासभर काढावासा वाटेल.

निमियाघाट नावाचे जवळच दुसरे एक स्टेशन आहे आणि पर्वतावर जाणारी एक जुनी वाट त्या बाजूनेही आहे. कोणी जवळचा रस्ता म्हणून ती सुचवली तरी पहिल्या वेळी तिकडे वळू नका. सोबत, डोली, दिवे, पाणी, दुकाने हे सारे मधुबनच्या वाटेवर आहे.

४. मधुबनमधील मुक्काम आणि लागणारे कागद

मधुबन हे धर्मशाळांचे गाव आहे. दिगंबर समाजाची तेरापंथी कोठी आणि बीसपंथी कोठी, तसेच श्वेतांबर कोठी या जुन्या संस्था. त्यांच्याखेरीज नव्या धर्मशाळा आणि यात्री निवास पुष्कळ आहेत. "कोठी" हा शब्द ऐकून बिचकू नका. तिथे त्याचा अर्थ मंदिर, धर्मशाळा, भोजनशाळा आणि कार्यालय असा सगळा व्याप असा होतो.

खोलीसाठी सोबत हे ठेवा: प्रत्येक प्रौढ व्यक्तीचे मूळ आधार कार्ड किंवा अन्य सरकारी ओळखपत्र, त्याच्या दोन-दोन छायाप्रती, खोली आधी राखून ठेवली असल्यास त्याची पावती किंवा संदेश, परतीचे तिकीट, आणि पुरेशी रोख रक्कम. रोख रकमेवर माझा जोर आहे. डोलीचे, काठीचे, छोट्या वाहनांचे पैसे रोख द्यावे लागण्याची शक्यता अधिक असते आणि मोबाइलचे नेटवर्क डोंगरावर कुठे मिळते, कुठे नाही.

एकच रात्र राखून ठेवणे ही दुसरी नेहमीची चूक. किमान दोन रात्री, जमल्यास तीन रात्री ठेवा: एक पोहोचण्याची, एक वंदनेनंतर पडून राहण्याची. वंदना करून दुपारी दोन-तीन वाजता खाली आलेल्या माणसाला खोली रिकामी करून सामान उचलायला लावण्यासारखी शिक्षा नाही, आणि पहिल्या खेपेस ती आम्ही भोगली आहे.

भोजनशाळेत सूर्यास्तापूर्वी जेवण होते. रात्री आठ वाजता पोहोचून गरम जेवण मिळेल या भरवशावर राहू नका. कंदमुळांचा पदार्थ मिळणार नाही, हे सांगायला नकोच.

५. पाय आणि पोट यांची तयारी

निघण्यापूर्वी महिनाभर रोज चालण्याचा सराव करा, आणि त्यात आठवड्यातून दोन दिवस जिने चढण्या-उतरण्याचा ठेवा. सपाट रस्त्यावर सहा किलोमीटर चालणारी माणसेही उतरणीवर हात टेकतात, कारण उतरताना मांडीच्या पुढच्या स्नायूंवर जो ताण येतो त्याची सवय सपाट रस्त्यावर होत नाही.

बहुसंख्य यात्रेकरू अनवाणी वंदना करतात. ज्यांना ते शक्य नाही असे लोक जाड सुती मोजे किंवा कापडी बूट वापरतात. चामड्याची कोणतीही वस्तू, अगदी पट्टा आणि पाकीटसुद्धा, खोलीवर ठेवून जायचे असते. अनवाणी जायचे ठरवले असेल तर सराव घरापासूनच अनवाणी करा. मोज्यांच्या बाबतीत एक स्वानुभव सांगतो. नवे कोरे मोजे घालून मी निघालो होतो. चढणीवरच्या गंधर्व नाल्याच्या पुढे ते दवाने भिजले, टाचेखाली त्यांची चुणी पडली आणि जिथे चुणी तिथे फोड, असे झाले. धुऊन मऊ झालेले दोन जोड घ्यावेत आणि ओले झाले की लगेच बदलावेत.

पोटाचा प्रश्न जास्त नाजूक आहे. डोंगरावर काही न खाण्याचा, पुष्कळदा पाणीही न पिण्याचा नियम अनेक जण घेतात. नियम उत्तमच, पण मधुमेह, रक्तदाब किंवा हृदयाचा विकार असलेल्यांनी दहा-बारा तास निराहार चालण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांना स्पष्ट विचारावे आणि औषधांच्या वेळा लिहून घ्याव्यात. नियम आदल्या रात्री, शांतपणे, झेपेल एवढाच घ्यावा. पहाटे दोन वाजता सोबतच्या चार जणांनी हात जोडले म्हणून आपणही जोडले, असा घेतलेला नियम वर गेल्यावर मोडावा लागतो आणि मग वंदनेपेक्षा त्याचीच खंत मनात राहते.

६. आदल्या संध्याकाळी करायची कामे

ही कामे पहाटेवर ढकलू नयेत.

डोली: चालता न येणाऱ्यांसाठी बांबूला टांगलेल्या आसनाची डोली असते. ती वाहणारी माणसे आसपासच्या गावांतील असतात. भाडे बसणाऱ्याच्या वजनावर ठरते, त्यामुळे वजनकाट्यावर उभे राहावे लागते. आमच्या आत्या त्या काट्यावर चढताना इतक्या संकोचल्या की शाल, पिशवी आणि चष्मासुद्धा काढून माझ्या हातात दिला. हलक्या माणसाला दोन आणि जड माणसाला चार वाहक लागतात. नोंदणीच्या ठिकाणीच डोली ठरवा, पावती घ्या, आणि तीन गोष्टी तोंडाने बोलून घ्या: सर्व टोंकांची वंदना धरून दर आहे की थेट पार्श्वनाथ टोंकेपर्यंतचाच, परतीचा प्रवास त्यात आहे का, आणि डोली किती वाजता कुठे येईल. पहिल्या मुद्द्यावरून वर जाऊन होणारे वाद मी प्रत्यक्ष पाहिले आहेत, आणि त्यात डोलीवाल्याची चूक होती असे मला वाटले नाही. लहान मुलांना खांद्यावर किंवा कडेवर घेऊन जाणारे "गोदीवाले" असतात. त्यांचेही असेच ठरवून घ्या.

गुडघे दुखत असतील, पण पूर्ण वेळ डोली नको वाटत असेल, तर मधला मार्ग म्हणून दोघांत एक डोली करावी असे काहींना सुचते. वजन आणि दर वेगवेगळे असल्यामुळे त्यात घोळ होतो. त्यापेक्षा ज्याला खरोखर गरज आहे त्याने आधीच संकोच सोडून डोली घ्यावी. अर्ध्या वाटेत डोली शोधणे महाग पडते, आणि मिळेल याची खात्रीही नसते.

काठी: मधुबनच्या दुकानांत बांबूची काठी भाड्याने मिळते. तरुणांनीही घ्यावी. चढताना तिची गरज वाटत नाही, उतरताना कळते.

पिशवीत एवढेच घ्या: बॅटरी आणि जास्तीचे सेल, अर्घ्यासाठी तांदूळ, मोज्यांचा जोड, पातळ शाल किंवा स्वेटर, पावसाळ्यात रेनकोट, स्वतःची औषधे, ओळखपत्र, थोडे सुटे पैसे. छत्री वाऱ्यात टिकत नाही. अर्घ्याचे तांदूळ टोंकांच्या संख्येप्रमाणे छोट्या पुड्यांत बांधून घेतले तर वर मोजत बसावे लागत नाही, आणि पुड्या किती उरल्या यावरून किती टोंका राहिल्या हेही कळते.

रात्री नऊ वाजता झोपा. झोप लागणार नाही, तरी आडवे व्हा.

७. निघणे आणि पहिले नऊ किलोमीटर

पहाटे दोन ते तीनच्या दरम्यान खोली सोडा. श्वेतांबर परंपरेचे यात्रेकरू पायथ्याशी भोमियाजी या क्षेत्ररक्षक देवाचे दर्शन घेऊन चढतात. दिगंबर यात्रेकरू आपल्या कोठीच्या मंदिरात णमोकार मंत्र म्हणून निघतात. त्या वेळी पुढे पाहिले की डोंगराच्या अंगावर बॅटऱ्यांची एक वाकडी ओळ हळूहळू वर सरकताना दिसते. बोलणे फारसे ऐकू येत नाही. काठ्यांचा टकटक आवाज आणि डोलीवाल्यांचे "बाजू, बाजू" एवढेच. डोली मागून आली की डोंगराच्या बाजूला सरका, दरीच्या बाजूला नव्हे.

वाटेत आधी गंधर्व नाला आणि पुढे शीतल नाला लागतो. दुसऱ्याला सीता नालाही म्हणतात. या दोन ठिकाणी दोन-पाच मिनिटे बसावे, अधिक नाही, कारण अंग थंड झाले की पाय जड होतात. पहिल्या तासात मुद्दाम हळू चाला. बोलताना धाप लागत असेल तर वेग जास्त आहे असे समजा. तरुण मंडळी या भागात भराभर पुढे जातात आणि वरच्या फेरीत आपल्याला दगडावर बसलेली भेटतात.

चढणीला तीन ते चार तास धरा. दोन-अडीचला निघालेला माणूस उजाडण्याच्या सुमारास वर पोहोचतो, आणि हाच सारा हिशोब आहे: वरचे नऊ किलोमीटर उन्हापूर्वी किंवा कोवळ्या उन्हात व्हायला हवेत.

८. वरचे नऊ किलोमीटर

पहिली टोंक गौतम स्वामी गणधरांची (गणधर म्हणजे तीर्थंकरांचे प्रमुख शिष्य). येथे वाट फुटते आणि येथेच नवख्यांचा गोंधळ होतो. पद्धत अशी: आधी कुंथुनाथांच्या टोंकेकडून सुरुवात करून एका बाजूच्या टोंका करीत चंद्रप्रभूंपर्यंत जायचे, तिथून उरलेल्या टोंका करीत जलमंदिराकडून पुन्हा गौतम स्वामींच्या टोंकेपाशी यायचे, आणि मग दुसऱ्या बाजूच्या टोंका करीत शेवटी पार्श्वनाथांच्या टोंकेवर पोहोचायचे. दमलेल्या माणसाला गौतम स्वामींपासून थेट पार्श्वनाथ टोंकेकडे जाण्याचा मोह होतो, "चंद्रप्रभू परत येताना करू" असे तो म्हणतो, आणि परत येताना कोणीही करीत नाही. आम्हीही केली नाही.

टोंक म्हणजे मोठे मंदिर अशी कल्पना करून गेलात तर निराशा होईल. बहुतेक ठिकाणी लहानशी छत्री किंवा घुमटी, आणि आत मूर्ती नसून चरणचिन्हे. मुर्शिदाबादच्या जगत्सेठ या सावकार घराण्याने १७६८ च्या सुमारास येथे जीर्णोद्धार करवला होता. प्रत्येक टोंकेला कूटाचे, म्हणजे शिखराचे, नाव आहे: चंद्रप्रभूंचा ललित कूट, कुंथुनाथांचा ज्ञानधर कूट, पार्श्वनाथांचा सुवर्णभद्र कूट. कूटांची नावे आधी वाचून गेलात तर वाटेत कोणाला विचारावे लागत नाही आणि पूजेच्या पुस्तकातील क्रमही डोळ्यांसमोर राहतो.

"मोक्ष वीसच जणांना, मग टोंका त्याहून जास्त कशा?" हा प्रश्न प्रत्येक घरातील एक तरी मूल विचारतेच. जे चार तीर्थंकर इतरत्र मोक्षाला गेले त्यांच्याही टोंका वंदनेसाठी येथे आहेत, आणि गणधरांची वेगळी. श्वेतांबर परंपरेत शाश्वत जिनांच्या टोंका धरून संख्या ३१ सांगतात. त्यामुळे दोन पुस्तकांतील आकडे जुळत नाहीत म्हणून वाटेत वाद घालू नये. ज्या परंपरेचे पुस्तक हातात आहे तोच क्रम शेवटपर्यंत धरावा.

चंद्रप्रभूंची टोंक सर्वांत दूर आहे. तिच्याकडे जाताना आधी बरेच खाली उतरावे लागते, आणि जितके उतराल तितके परत चढायचे आहे हे मनात येऊन माणूस खचतो. दुसऱ्या खेपेस मी तिथे पोहोचलो तेव्हा नुकतेच ऊन पडले होते. चरणांवर आधीच्या यात्रेकरूंनी वाहिलेल्या तांदळाचा थर दवाने भिजून संगमरवराला चिकटला होता. डोके टेकवून उठलो तर कपाळावर चार दाणे. मागे उभ्या असलेल्या एका आजींनी ते न पुसण्याची खूण केली.

जलमंदिर हे श्वेतांबर मंदिर या फेरीत लागते. ते पाहायला थांबा. मात्र सावलीत निजू नका. अर्ध्या तासाची डुलकी पुढचे दोन तास खाते. फळे किंवा पिशवी हातात उघडी धरून चालू नका, माकडांना ती दिसते.

पार्श्वनाथांची टोंक पर्वताच्या माथ्यावर आहे, आणि तिथले मंदिर इतर टोंकांपेक्षा मोठे आहे. दुरूनच दिसू लागते, त्यामुळे जवळ आल्याचा भास होतो. शेवटच्या पायऱ्या तरीही पुष्कळ आहेत. परंपरेनुसार पार्श्वनाथ वयाच्या शंभराव्या वर्षी येथून मोक्षाला गेले, आणि पर्वताला लोक त्यांच्याच नावाने ओळखतात. येथे घाई करू नका. आतापर्यंत वाचवलेला वेळ इथेच खर्च करायचा असतो.

९. उतरण

पार्श्वनाथ टोंकेवरून उतरण्याची वाट वेगळी आहे आणि ती पुढे चढणीच्या रस्त्याला मिळते. पडण्याचे प्रसंग चढताना कमी आणि उतरताना जास्त येतात. पाऊल आडवे टाका, काठी आधी खालच्या पायरीवर ठेवा आणि मग पाय, आणि "आता काय, उतरायचेच आहे" म्हणून धावू नका. ज्यांच्या गुडघ्यांना बांधायची पट्टी आहे त्यांनी ती चढताना नव्हे, इथे बांधावी. उतरणीला अडीच-तीन तास लागतात.

गंधर्व नाल्यापाशी श्वेतांबर संस्थेकडून उतरणाऱ्या यात्रेकरूंना अल्पोपाहार देण्याची जुनी पद्धत आहे. त्या जागेला भाताघर म्हणतात. नियम आणि वेळ सांभाळून ज्याला घ्यायचे त्याने घ्यावे. आमच्यापैकी निम्म्यांनी तिथे पाणी पिऊन अक्षरशः डोळे उघडले.

१०. डोंगरावर कसे वागावे

मांस, मद्य, तंबाखू, मोठ्या आवाजातील गाणी यांना येथे जागा नाही. २ ऑगस्ट २०१९ च्या अधिसूचनेने केंद्र सरकारने पारसनाथ अभयारण्याभोवती पर्यावरणीयदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र जाहीर केले, तेव्हा त्यातील पर्यटनविषयक तरतुदींना जैन समाजाने देशभर विरोध केला. ५ जानेवारी २०२३ रोजी केंद्राने त्या तरतुदींना स्थगिती दिली आणि मद्य-मांसावरील बंदीची कडक अंमलबजावणी करण्यास राज्याला सांगितले. हे आंदोलन करणारे आपणच होतो, तेव्हा टोंकेच्या पायरीवर बसून चित्रफिती काढणाऱ्या आपल्याच मुलांना आवरण्याची जबाबदारीही आपल्यावर येते. अर्घ्याच्या पुड्यांचे कागद आणि प्लास्टिकच्या पिशव्या खिशात घालून खाली आणा.

हा पर्वत संताळ समाजासाठी मरांग बुरू म्हणून पूज्य आहे, ही गोष्ट आपल्या यात्रा-पुस्तिकांत क्वचितच लिहिलेली असते. ज्यांच्या खांद्यावर बसून आपले वृद्ध वर जातात त्यांच्यातील अनेकांचा हा देव आहे. त्यांच्याशी अरे-तुरे करू नका, दर ठरल्यानंतर वर जाऊन घासाघीस करू नका. तिकडे भेटल्यावर "जोहार" म्हणतात. दुसऱ्या खेपेस आत्यांनी डोलीत बसताना तो शब्द उच्चारला, तेव्हा पुढच्या वाहकाने मागे वळून पाहिले, हसला आणि मग सबंध वाटेत प्रत्येक वळणावर त्यांना टोंकेचे नाव सांगत गेला.

११. दुसऱ्या दिवशी

वंदनेच्या संध्याकाळी पायांना कोमट पाणी आणि तेल, सूर्यास्तापूर्वी हलके जेवण, आणि झोप. दुसऱ्या दिवशी जिना उतरताना भिंत धरावी लागेल. ते साहजिक आहे. तो दिवस मधुबनमधील मंदिरांसाठी ठेवा. तीस चौबिशी मंदिरात ७२० जिनप्रतिमा आहेत, म्हणजे तीस गुणिले चोवीस. तेरापंथी आणि बीसपंथी कोठ्यांमधील मंदिरेही निवांत पाहण्यासारखी आहेत, आणि तिथे चढायला पायऱ्या थोड्याच आहेत. पावापुरी, राजगीर, चंपापुरी ही पुढची क्षेत्रे करायची असतील तर त्यांची गाडी तिसऱ्या दिवशी सकाळची ठरवा. डोलीवाल्याचे पैसे मात्र वंदनेच्या दिवशीच, खाली उतरल्याबरोबर द्या आणि भाड्याची काठीही तेव्हाच परत करा. खोलीवर गेलात की पुन्हा बाहेर पडणे होत नाही.